अठ्ठेचाळीस बोल्ट आणि जाडा लॅपटॉप

पोलादी पुलाचा कुठलाही नकाशा घ्या, त्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक लहानसं कोष्टक असतं. त्यात शेजारी शेजारी दोन चौकटी असतात, 'रेखाटले' आणि 'तपासले'. एकतीस वर्षं बोल्टबाईंची सही पहिल्या चौकटीत पडत आली होती. दुसरी चौकट कायम दुसऱ्या कुणाची. चूक निघाली की बोलणी पहिल्या चौकटीला, आणि सगळं सुरळीत पार पडलं की शाबासकी दुसऱ्या चौकटीला, ही रीत बाईंनी नोकरीला लागल्यावर महिन्याभरातच ओळखली होती. ती त्यांना तेव्हाही पटली नव्हती आणि पन्नाशी ओलांडली तरी पटत नव्हती.

यंदा मात्र ती दुसरी चौकट रिकामी झाली. जुने तपासनीस निवृत्त झाले, आणि मालकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"पुढच्या गुरुवारी पुलाचे सल्लागार येतायत," मालक म्हणाले. "अख्खा पूल एकाच फाइलमध्ये त्यांच्यासमोर उघडून दाखवा. तुकडे नकोत. आणि तो नीट तपासलाय, हे त्यांना पटलं पाहिजे. जमलं तर ती चौकट तुमची. नाही जमलं तर मी बाहेरून माणूस बघतो. मग मला बोल लावू नका."

"नाही लावणार," बाई म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्यांनी मनात मालकांना पुष्कळ बोल लावून घेतले, ते वेगळं.

अडचण कामाची नव्हतीच. पूल पायी चालणाऱ्यांचा, नदीवरून जाणारा, तीन कमानींचा; त्याची पट्टी न पट्टी बाईंनी स्वतःच्या हातानं काढली होती. अडचण होती त्यांच्या लॅपटॉपची. तो नऊ वर्षांचा होता. पुलाची एकेक कमान तो धापा टाकत का होईना उघडायचा, पण तिन्ही एकदम मागितल्या की त्याचा पंखा सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडायचा आणि पडदा काळा व्हायचा. इतरांना ही अडचण येत नसे. ते लोक बोल्ट काढतच नसत. भोक दाखवायचं, शेजारी 'येथे बोल्ट' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. फाइल हलकी राहते. बाई मात्र प्रत्येक बोल्ट काढत. नट काढत, वायसर काढत, आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येक नटाभोवती, पाना फिरवायला जेवढी जागा लागते, तेवढी एक पारदर्शक वडी बसवत. या पुलात अकरा हजार सहाशे बोल्ट होते. म्हणजे वड्याही तेवढ्याच. बोल्टबाई हे नाव त्यांना ऑफिसनं चिडवायला म्हणून दिलं होतं. बाईंनी ते अंगाला लावून घेतलं नाही, त्यामुळे ते कायमचं चिकटलं.

या वडीमागे एक भांडण होतं. बाई एकवीस वर्षांच्या असताना, कागदावर शाईनं नकाशे काढण्याच्या काळात, कारखान्यातला एक तरुण फिटर तणतणत नकाशांच्या दालनात आला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती. हातातला पाना त्यानं बाईंच्या ड्रॉइंग बोर्डवर, ताज्या शाईवर आपटला आणि विचारलं, "हा बोल्ट आवळायला पाना कुठून घालू? तुमच्या खिडकीतून?" सगळं दालन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, त्याच्यामागून कारखान्यात गेल्या, वाकून त्या सांध्यात स्वतः पाना घालून पाहिला आणि स्वतःच्याही बोटाचं साल काढून परत आल्या. चूक त्यांची होती. बोल्ट भोकात बरोबर बसत होता. माणसाचा हात बसत नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी पान्याची जागा काढल्याशिवाय एकही नकाशा हातावेगळा केला नाही. आणि त्या फिटरशी दीड वर्षानं लग्न केलं. तोही आता निवृत्त होऊन घरी बसला होता आणि भाजी चिरण्यापासून बातम्यांपर्यंत सगळ्यात चुका काढत होता.

तर आता नवा लॅपटॉप घेणं आलं. ही बातमी लेकीमार्फत जावयापर्यंत पोचली आणि जावईबापू शनिवारी सकाळीच हजर झाले. जावई संगणकाच्या धंद्यातले. मनानं चांगले, पण सल्ला द्यायला बसले की समोरचा झोपला तरी थांबत नाहीत.

"आई, डोळे झाकून नवीन मॉडेल घ्या," ते म्हणाले. "याच महिन्यात आलंय. बोटभर जाडी. तुमचं मशीन आणि हे, यात बैलगाडी आणि विमानाएवढा फरक आहे."

"आणि दुसरं काय आहे?" बाईंनी विचारलं.

"दुसरं म्हणजे त्याच कंपनीचं जुनं मॉडेल. तीन वर्षांपूर्वीचं. दुकानात एक शिल्लक आहे म्हणे. मेमरी जास्त टाकून देतात, किंमत जवळपास तीच पडते. पण आई, ते आत्ताच जुनं आहे. पैसे देऊन कोणी शिळं घेतं का?"

"जुनं ते सोनं," फिटर आतून म्हणाले.

"तुम्ही सोनं, मग काय!" बाई म्हणाल्या, आणि जावई मनापासून हसले.

खरं सांगायचं तर बाईंच्या मनात नवंच होतं. जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. शाईच्या काळात चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडून काढताना कागद फाटायचा आणि चार दिवसांचं काम मातीत जायचं. असल्या जुन्याची आठवण काढून कोणी उसासे टाकले की बाईंना राग यायचा. संगणक आला तेव्हा दालनात सगळ्यांच्या आधी तो शिकणाऱ्या त्याच होत्या. तेव्हा नवं ते चांगलं, यात त्यांना शंका नव्हती. पण ऐकीव गोष्टीवर सही करायची त्यांना सवयही नव्हती. त्यांनी पेन ड्राइव्हवर अख्खा पूल घेतला, त्यांच्या प्रोग्रामची लायसन्सची किल्ली, म्हणजे तोही एक अंगठ्याएवढा ड्राइव्हच, पाकिटात टाकली, चष्म्याच्या दोन्ही जोड्या घेतल्या आणि निघाल्या.

दुकानदार गोड बोलणारा होता. त्यानं काउंटरवर दोन्ही मॉडेल शेजारी शेजारी मांडली. नवं राखाडी, सडपातळ, झाकण एका बोटानं उघडणारं. जुनं काळं, जाडं, आणि उचलायला दोन्ही हात लागतील असं. नव्याचा पडदा लागला आणि बाईंचा जीवच जडला. इतक्या बारीक रेघा इतक्या स्वच्छ त्यांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

"मॅडम, ही बघा चाचणी," दुकानदारानं काही आकडे दाखवले. "जुन्याला इतके गुण, नव्याला दुप्पट."

"गुण तुमच्या परीक्षेचे. माझी परीक्षा वेगळी आहे," बाई म्हणाल्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन्हींवर माझा प्रोग्राम चढवू द्या. मी इथेच बसते. खुर्ची मिळेल का?"

"किती वेळ बसणार?"

"जेवायच्या वेळेपर्यंत."

दुकानदारानं जावयाकडे पाहिलं. जावयांनी छताकडे पाहिलं. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, आणि खुर्ची आली.

किल्ली लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नसे आणि ती एकच, त्यामुळे चाचणी एकामागून एक करावी लागणार होती. पहिला मान नव्याचा. त्याच्या चपट्या भोकात किल्ली जाईना, तेव्हा दुकानदारानं एक जोडतुकडा आणून लावला. बाईंनी फाइल उघडली. चार मिनिटांत तिन्ही कमानी पडद्यावर उभ्या! बाईंनी पूल फिरवला, खालून पाहिला, नदीच्या बाजूनं पाहिला. घरी एकेका कमानीला ज्यासाठी पाऊण तास लागायचा ते काम बोटाच्या इशाऱ्यावर होत होतं.

"बघा, आई!" जावई म्हणाले. "मी म्हणालो नव्हतो?"

"म्हणालात. आता टक्कर काढते."

टक्कर काढणं हा बाईंचा शब्द. पुलातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूत कुठे घुसते का, हे संगणकाला एकेक करून पाहायला लावायचं. तुकड्या-तुकड्यानं त्यांनी ते शंभरदा केलं होतं. अख्ख्या पुलाचं एकदम कधीच करता आलं नव्हतं, कारण तेवढं पेलणारं मशीनच हाताशी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. नव्या मॉडेलनं सपाटा लावला. दहा टक्के, तीस, साठ. जावई खूश. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. आणि तिथे ते अडकलं. पडदा गोठला, मेमरी संपल्याची पाटी आली आणि प्रोग्राम आपोआप बंद झाला.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सगळं पहिल्यापासून केलं, कारण एका चुकीवरून कुणाला नापास करणं बरं नाही. दुसऱ्यांदाही त्र्याण्णवलाच घोडं अडलं.

"याची मेमरी वाढवता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम. नव्यात ती आतच पक्की बसवलेली असते. म्हणून तर एवढं पातळ." दुकानदार जरा घुटमळला. "पण मी म्हणतो, फाइलच हलकी केली तर? एवढे बोल्ट कशाला? काढून टाका, धावेल बघा."

"बोल्ट काढले तर पूल उभा राहील का?"

जावई चाचरत म्हणाले, "आई, त्याचं तसं बरोबर आहे. सगळे हलकीच फाइल दाखवतात. सल्लागारांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळणार. मला कळेल ना!" बाई म्हणाल्या, आणि किल्ली काढून त्यांनी जुन्यात घातली. ती सरळ आत गेली.

जुन्यानं फाइल उघडायला सात मिनिटं घेतली. जावई घड्याळ बघत होते, दुकानदार काउंटर पुसत होता. टक्कर सुरू झाली. दहा टक्क्यांना जावयांनी बाहेर एक फेरी मारली, चाळीसला दोघांचा चहा झाला. मशीन तापलं, पंखा घरघरायला लागला, पण चाल एकसारखी राहिली. त्र्याण्णव आले तेव्हा बाईंनी खुर्चीचा हात धरला. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. तिघंही काउंटरवर वाकले होते. आणि एक तास दहा मिनिटांनी शंभर टक्के.

आणि पडद्यावर लाल यादी पसरली. अठ्ठेचाळीस ओळी.

"मशीनमध्ये काही दोष नाही हां, मॅडम!" दुकानदार घाईघाईनं म्हणाला. "सीलबंद माल आहे!"

बाईंना ते ऐकूच गेलं नाही. अठ्ठेचाळीस चुका! पाच दिवसांवर गुरुवार, आणि पूल आपल्या हातचा. त्यांनी पहिल्या ओळीवर टिचकी मारली. पडदा मधल्या कमानीच्या पायथ्याशी गेला. दुसरी ओळ, तिसरी, दहावी; सगळ्या त्याच सांध्यावर. बाईंनी चष्मा बदलला आणि जवळ जाऊन पाहिलं. बोल्ट भोकात नीट होते. नटही नीट. पण शेजारून एक आडवी पट्टी पान्याच्या वड्यांतून आरपार गेली होती. ही पट्टी सल्लागारांनी तीन आठवड्यांपूर्वी चार सेंटिमीटर आत सरकवली होती. तिचा तुकडा वेगळा आला, कमानीचा वेगळा, आणि आपापल्या जागी दोन्ही बिनचूक होते. एकत्र मांडून कोणी पाहिलेच नव्हते, कारण एकत्र पाहता येईल असं मशीन बाईंकडे नव्हतं आणि बाकीच्यांकडे बोल्ट नव्हते.

पूल असाच बनला असता तर काय झालं असतं, ते बाईंना ओळीनं दिसलं. कमान क्रेनला लटकलेली, खाली नदी, वर दोन माणसं दोरांना बांधलेली, आणि त्यांच्या हातात न फिरणारा पाना.

"आई, काय झालं? बरं वाटत नाही का?" जावयांनी विचारलं.

"मला एवढं बरं गेल्या दहा वर्षांत वाटलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग दुकानदाराकडे वळल्या. "हा काळा बांधून द्या."

जावयांनी हात जोडले. "मी हरलो. बैलगाडी ती बैलगाडी."

"तुमचं काही चुकलं नाही हो. नवं भारीच आहे," बाई म्हणाल्या. "त्यात मेमरी बसवायची सोय झाली की मला पहिला फोन करा. विमान मलाही हवंय. पण ओझ्यासकट उडणारं."

गुरुवारी मालकांच्या ऑफिसात लांब टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा पडदा. सल्लागार उंच, पिकल्या मिशांचे, घाईत असलेले. त्यांच्यासोबतच्या दोन तरुण इंजिनीयरांचे लॅपटॉप नव्या मॉडेलचेच होते. बाईंनी पिशवीतून काळं धूड काढून टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल हललं. तरुणांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहिलं.

"हा कोळशावर चालतो का?" तो म्हणाला.

"चालला तर कोळसा तुम्हालाच घालायला लावीन," बाई म्हणाल्या. "सात मिनिटं लागतील. तोवर चहा घ्या."

सात मिनिटं म्हणायला सोपी. मालक पेन उघडझाक करत राहिले. सल्लागारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. सातव्या मिनिटाला पांढऱ्या पडद्यावर अख्खा पूल उभा राहिला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, अकरा हजार सहाशे बोल्टांसकट.

"अरे वा!" सल्लागार म्हणाले आणि पुढे सरकले. "छान. म्हणजे सगळं तपासून तयार आहे तर."

मालकांचा चेहरा खुलला. पुढचं वाक्य बोललं नाही तर चौकट इथेच मिळत होती, हे बाईंना कळत होतं. एक मान हलवायची, बस्स.

"तपासलंय. तयार नाहीये," बाई म्हणाल्या. "मधल्या कमानीच्या पायथ्याशी अठ्ठेचाळीस बोल्ट आवळता येणार नाहीत."

मालकांचं पेन थांबलं. तरुण इंजिनीयर लगेच म्हणाला, "शक्य नाही. आमच्याकडे सगळी भोकं जुळतायत."

"भोकं माझ्याकडेही जुळतायत. तुमच्या फाइलमध्ये पाना आहे का?"

"पाना?"

"पाना. बोल्ट आवळायचा. तो काय हवेतून आवळला जातो?"

त्यांनी सांधा मोठा केला. पट्टी, नट, वडी. सल्लागार उठून पडद्याशी गेले आणि नाक लावून पाहू लागले.

"पाना किती फिरतो इथे?" त्यांनी विचारलं.

"अकरा अंश."

"आणि लागतो किती?"

"निदान तीस. त्याहून कमी फिरला तर नटावर दुसरी पकड मिळत नाही. साइटवर माणसं छिन्नी-हातोडा काढतील नाही तर पट्टी कापतील, नदीच्या वर, कमान टांगलेली असताना."

मग सल्लागार वळले. "ही पट्टी मी सरकवली," ते म्हणाले. "माझ्या हातानं. आणि आज सकाळपर्यंत मी छातीठोकपणे सांगितलं असतं की पुलात चूक नाही." ते मालकांकडे पाहून म्हणाले, "यांना सोडू नका."

मालकांनी तिथल्या तिथे नकाशा बाईंसमोर सरकवला. "करा सही. चौकट तुमची."

"आज नाही," बाई म्हणाल्या. "चुकलेल्या नकाशावर 'तपासले' कसं लिहू? पट्टी हलवा, मी पुन्हा टक्कर काढते. शून्य आलं की सही."

शनिवारी पट्टी जागेवर आली. रविवारी बाईंनी घरच्या टेबलावर टक्कर लावली, आणि फिटरसाहेब तासभर जागचे हलले नाहीत. यादी कोरी आली. बाईंनी नकाशा पसरला, नवं काळं पेन घेतलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा उजवीकडच्या चौकटीत सही केली. सही जरा चौकटीबाहेर गेली. फिटरांनी ती चूक काढली नाही, यावरून काय ते ओळखावं. बाईंना त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं होतं.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका दुपारी, अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे वाऱ्याचा आणि लोखंडाचा आवाज होता.

"पुलाच्या साइटवरून मुकादम बोलतोय. नकाशावर 'तपासले'पुढे ज्यांची सही आहे, त्या तुम्हीच का?"

एकतीस वर्षांत साइटवरून आलेला एकही फोन चांगल्यासाठी आलेला नव्हता.

"मीच," त्या म्हणाल्या. "काय चुकलं?"

"काही नाही. मधली कमान आज बसली. पायथ्याचे अठ्ठेचाळीस बोल्ट होते, दिवस जाईल असं धरलं होतं. माणसं जेवायच्या आत खाली उतरली. कुणाचं बोटसुद्धा खरचटलं नाही. पोरं म्हणाली, ज्यानं हे तपासलं त्याला सांगा. म्हणून लावला फोन."

बाईंनी फोन स्पीकरवर टाकला, फिटरांना हातानं जवळ बोलावलं, आणि म्हणाल्या, "मुकादम, परत एकदा सांगा हो. जरा मोठ्यानं."